रस्ते काढले की गाव दिसतच नाही

'आपल्या शहराचा नकाशा भिंतीवर' अशा पोस्टरांचं सध्या पेव फुटलंय. काळा कागद, त्यावर सोनेरी रस्त्यांचं जाळं, खाली शहराचं नाव नि अक्षांश-रेखांश. कुणाच्या नव्या फ्लॅटवर वास्तुशांतीला गेलं की सोफ्याच्या वर पुणं नाहीतर पॅरिस टांगलेलं असतं. हे करायला आता फारसं काही लागतही नाही. आंद्रेई काश्चा नावाच्या प्रोग्रामरनं 'सिटी रोड्स' म्हणून एक फुकटचं साधन वेबवर ठेवलंय. शहराचं नाव टाका, ओपनस्ट्रीटमॅपच्या साठ्यातून त्या हद्दीतला एकूण एक रस्ता ओढून आणून ते पडद्यावर काढून देतं. रंग बदला, फाईल उतरवून घ्या, छापायला टाका.

मी लातुरात डिझाइनची कामं करते. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, शाळांच्या स्मरणिका, कृषी सेवा केंद्रांच्या पिशव्या आणि गेली काही वर्षं नकाशे. या साधनात मी मुंबई टाकून पाहिली, हरखून गेले. लातूर टाकलं, ठीक होतं. मग औसा तालुक्यातलं माझं गाव टाकलं. एक डांबरी सडक आणि तिला छेदून जाणारा पाणंद रस्ता, बास. आई मागं येऊन उभी राहिली नि म्हणाली, "काय करायलीस गं? फुली मारायलीस का?"

फुलीच होती ती. आता गावात मारुतीचं देऊळ आहे, पार आहे, पडकी गढी आहे, ओढ्यावरचा कोल्हापुरी बंधारा आहे, नव्यानं झालेली शेततळी आहेत, विहिरी तर प्रत्येक भावकीच्या वेगळ्या. यातलं काहीच 'रस्ता' या सदरात येत नाही. रस्त्यांवरून ओळखू येतात ती शहरं. आमचा मुलूख ओळखू येतो तो पाण्यावरून, म्हणजे पाणी कुठं आहे, कुठं होतं आणि कुठं अडवलंय यावरून. ज्यांनी ही साधनं केली त्यांच्या डोळ्यांसमोर शहरं होती, त्यांनी रस्ते धरले, त्यांचं काही चुकलं नाही. पण आपण ती जशीच्या तशी चालवली तर आपल्या वाट्याला फुलीच येणार. नकाशातला कुठला थर उचलायचा हे ठरलं की डिझाइनचं अर्धं काम झालं, हे माझं मत आता पक्कं झालंय. उरलेलं अर्धं म्हणजे तो थर बहुतेक वेळा रिकामा असतो, आधी तो भरावा लागतो.

ज्यांना ओपनस्ट्रीटमॅप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीव्ह कोस्ट या इंग्रज तरुणानं २००४ साली हे सुरू केलं. कुणीही खातं उघडून आपल्या गावचा रस्ता, विहीर, शाळा त्यात भरू शकतं. तो साठा कुणालाही वापरता येतो, धंद्यासाठीसुद्धा. अट एवढीच की श्रेय द्यायचं, आणि त्यात भर घालून तो साठाच पुढं वाटायचा असेल तर त्याच मोकळ्या परवान्याखाली वाटायचा. गिऱ्हाईक मला व्हॉट्सॲपवर गूगलच्या नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवून म्हणतं, "ताई, एवढं गिरवून द्या." तसं गिरवून आपला नकाशा करणं त्यांच्या अटींत बसत नाही, हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. शिवाय स्क्रीनशॉट म्हणजे नुसतं चित्र. ओपनस्ट्रीटमॅपमधून मिळते ती रेषा, आणि प्रत्येक रेषेला चिकटलेली माहिती: ही 'हायवे', प्रकार 'रेसिडेन्शियल', हे 'नॅचरल', प्रकार 'वॉटर'. या साठ्यातून हवं ते शोधून देणाऱ्या ओव्हरपास टर्बोच्या वेबपानावर चार ओळींचा प्रश्न लिहिला की हव्या त्या प्रकारच्या रेषा तेवढ्या हाती येतात. पुढं त्या क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या, रंग-जाडी ठरवायची, एसव्हीजी म्हणजे रेषांची फाईल काढून इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या. ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

नकाशावर दुसरीकडची माहिती आणून बसवायची युक्ती जुनीच. गूगलचा नकाशा २००५च्या फेब्रुवारीत आला आणि काही आठवड्यांतच पॉल रॅडमाकर या प्रोग्रामरनं तो आतून उलगडून क्रेगलिस्टवरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती त्यावर टाचून दाखवल्या. तेव्हा गूगलनं बाहेरच्यांसाठी अधिकृत दार उघडलेलंच नव्हतं, ते जूनमध्ये उघडलं. त्यानंतर काय काय झालं! ऱ्हेट डॅशवूड या ऑस्ट्रेलियन डिझायनरनं २००९मध्ये आपल्या व्हिक्टोरिया राज्याच्या उपग्रहचित्रांतून इंग्रजी मुळाक्षरं शोधून काढली, कुठं इमारत, कुठं ओढा. बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट हा कलाकार ९९ जुने मोबाइल हातगाडीत घालून रस्त्यानं हळूहळू चालला, आणि गूगलच्या नकाशावर तो मोकळा रस्ता वाहतूक तुंबल्यासारखा लालभडक झाला. २०२० सालची गोष्ट. मला ही करामत फार आवडते, कारण नकाशाला आपण जे खाऊ घालू तेच तो दाखवतो हे त्यात एका फोटोत कळतं.

मुळाक्षरांचा खेळ मीही खेळले, देवनागरीत. 'ठ' सगळ्यात सोपा: गोल विहीर आणि तिच्याकडं जाणारी पायवाट. 'ट' मांजरा नदीच्या वळणावर मिळाला. 'ळ'साठी शेजारी-शेजारी खोदलेली दोन शेततळी चालतील असं वाटलं होतं, पण ती चौकोनी असतात. अडते ती शिरोरेषा. मला वाटलं कालवा घेऊ, जायकवाडीचा डावा कालवा दोनशे किलोमीटरच्या वर लांब आहे, हवी तेवढी सरळ रेघ मिळेल. पण कालवा जमिनीचा उतार सांभाळत, एकाच पातळीच्या कडेनं जातो, त्यामुळं तो सारखा वळत असतो. सरळ रेघ शेवटी मिळाली लातूरच्या विमानतळाच्या धावपट्टीत. विमानं तिथं फारशी उतरत नाहीत, माझ्या शब्दांना तेवढा आधार झाला.

पोटापाण्याचं काम मात्र लग्नपत्रिकांचं. पत्रिकेच्या मागं 'मंगल कार्यालयाकडं येण्याचा मार्ग' म्हणून एक नकाशा असायचा; चार रेघा, एक बाण, पेट्रोल पंप, पाण्याची टाकी. आता सगळ्यांना क्यूआर हवा असतो. त्यालाही हरकत नाही, पण कार्यालयाची पिन बऱ्याचदा मालकानं कार्यालय बांधण्याआधी शेतात उभं राहून टाकलेली असते आणि वऱ्हाड मागच्या सोयाबीनमध्ये जाऊन पोचतं. म्हणून मी दोन्ही देते. पण मला त्यातून एक वेगळी कल्पना सुचली. नवरीच्या गावाहून नवऱ्याच्या गावापर्यंतची वाट काढायची. ओपनस्ट्रीटमॅपच्याच माहितीवर चालणारं ओएसआरएम नावाचं मार्ग काढणारं इंजिन आहे, त्याला दोन टोकं दिली की ते पूर्ण वाट एका अखंड रेषेच्या रूपात देतं. बाकीचा नकाशा सगळा पुसायचा. फक्त ती एक रेष, पत्रिकेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, हळदीच्या रंगात.

गंमत अशी की लोक ती ओळखतात. एका पत्रिकेवर रेणापूरहून परळीकडं जाणारी वाट होती. नाव नाही, खूण नाही, तरी नवरीचे मोठे चुलते रेषेवर बोट ठेवून म्हणाले, "हे घाटनांदूर. इथून वळायला झालं का नाही, बघा." वळत होतीच ती तिथं. एसटीनं आयुष्यभर प्रवास केलेल्या माणसाच्या अंगात तो रस्ता मुरलेला असतो, त्याला लेबल लागत नाही. शहरातल्या गिऱ्हाइकांना मात्र ही पत्रिका कळत नाही. त्यांना गणपती मोठा पाहिजे असतो.

लातूर शहरापुरतं बोलायचं तर इथं रस्ते काढण्यात अर्थ आहे, पण पूर्ण शहराचे नाही. पूर्ण लातूर काढलं की कुठल्याही जिल्ह्याच्या गावासारखं दिसतं: रिंग रोड, बायपास, आडवेतिडवे प्लॉटिंग. गंजगोलाईपाशी थांबून तीन-चारशे मीटरचा घेर घ्या, मग बघा. मधोमध गोलाकार दुमजली बाजार, आत जगदंबेचं देऊळ, आणि तिथून सोळा दिशांना सुटलेले सोळा रस्ते. निजामाच्या काळात, १९१७ साली, फय्याजुद्दीन या नगररचनाकारानं आखलेला हा बाजार. एकेका वाटेवर एकेक माल: सोनं इकडं, चपला तिकडं, मिरची-मसाला पलीकडं, गूळ वेगळा. जमिनीवर उभं राहिलं की हे अजिबात दिसत नाही. हातगाडे, ताडपत्र्या, रिक्षा, वायरींचं जंजाळ. वरून बघितलं की आखणाऱ्याच्या मनातला आराखडा दिसतो.

हे चित्र करताना मी रस्त्यांची जाडी त्यांच्या रुंदीवरून ठरवली नाही. प्रत्येक रस्त्यावर कुठला माल विकला जातो तो प्रकार ओपनस्ट्रीटमॅपमध्ये दुकानाला लावता येतो, 'शॉप', प्रकार 'ज्वेलरी' वगैरे. बरीचशी दुकानं त्यात नव्हतीच. मग मोबाइलवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप घेऊन उन्हं उतरल्यावर मी गोलाई फिरू लागले. हे ॲप उभं आहात तिथल्या नकाशातल्या उणिवा प्रश्न करून विचारतं: हे दुकान अजून आहे का, रस्ता डांबरी की सिमेंटचा. एक सराफ मला बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "नगरपालिकेच्या का तुम्ही? अतिक्रमणाचं काय?" नकाशाचं सांगितलं तर त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि आपल्या दुकानाच्या आधी त्या जागी कुणाचं दुकान होतं ते तीन पिढ्यांपर्यंत सांगितलं. यातलं कुठंच भरता येत नाही. पोस्टरवर प्रत्येक मालाला एक रंग दिला आणि सोळा वाटा सोळा रंगांच्या होतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मोबाइलच्या दुकानांचा रंग सगळीकडं सांडलेला निघाला. तो तसाच ठेवला.

मराठी अक्षरांचं दुखणं इथंच सांगून टाकते, कारण नकाशाचं काम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ते भेटतं. झूम करत जाता येणारे नवे वेब-नकाशे मॅपलिब्रेसारख्या इंजिनावर चालतात. मी काम सुरू केलं तेव्हा त्यात अक्षरं सुट्ट्या ठशांनी येत, एका सांकेतिक क्रमांकाला एक ठसा, आणि जोडाक्षर जुळवणं, वेलांटी मागं नेणं हे काम तिथं होतच नसे. त्यामुळं निलंग्यातली वेलांटी 'न'च्या पुढं जाऊन 'ल'ला धडकायची, आणि औशाच्या खालचं किल्लारी तर वाचताच यायचं नाही, पाय मोडलेला 'ल' तसाच लंगडत उभा. ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वतःच्या पानावरचा नकाशा मॅपनिक नावाचं दुसरं इंजिन वापरतो, तिथं देवनागरी नीट दिसते. क्यूजीआयएसमध्येही नीट दिसते. म्हणून मी नावं क्यूजीआयएसमध्येच बसवते आणि अक्षरांच्या बाह्यरेषा करूनच बाहेर काढते.

आणखी एक बारीक गोष्ट. आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हिंदीपेक्षा वेगळे असतात. चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही रूपं भरलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं तरच मराठी रूप येतं, नाहीतर हिंदी येतं. लातूर, लोहा, बिलोली, देगलूर: आमच्या नकाशावर 'ल'ची कमतरता नाही. म्हातारी माणसं हे बोलून दाखवत नाहीत, पण पाकळीचा 'ल' असलेला नकाशा त्यांच्या हातात जास्त वेळ राहतो असं माझं निरीक्षण आहे.

आता रिकाम्या थराबद्दल.

माझं आजोळ भूकंपात गेलेल्या गावांपैकी. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीची जड माळवदं, ती झोपलेल्या माणसांवर बसली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली. ही नवी गावं आकाशातून लगेच ओळखू येतात, कारण ती पट्टीनं आखलेली आहेत: समांतर रस्ते, सारखे प्लॉट, मधे शाळा. जुनी गावं वळणावळणाची, गढीभोवती किंवा वेशीच्या आत दाटलेली. पोस्टर करणाऱ्याला ही जोडी म्हणजे मेजवानी वाटेल. मला मात्र असल्या चित्राचा मोह बराच काळ नकोसा वाटत होता. माणसं गेली म्हणून आकार सरळ झाला, आणि आपण तो सुंदर म्हणून विकायचा?

मामानं स्वतःहून विषय काढला. "नव्या गावाचं सगळ्यांकडं आहे गं. जुनं गाव काढून दे. पोरांना दाखवायला काहीच नाही."

जुनं गाव कुठून आणायचं? गूगल अर्थवर वर्षं मागं नेता येतात, पण १९९३पर्यंत घरं दिसतील असं चित्र तिथं नाही. तेव्हा आकाशात लँडसॅट ५ हा उपग्रह होता आणि त्याची चित्रं आज फुकट मिळतात, पण त्याचा एक ठिपका ३० मीटरचा. तीनशे मीटर लांबी-रुंदीच्या गावठाणाला दहा बाय दहा ठिपके येतात. एका ठिपक्यात दोन-तीन वाडे बसून जातात. त्यातून गल्ली काय काढणार!

मग आजचंच उपग्रहचित्र घेतलं. जुन्या जागेवर बाभळी माजल्यात, पण उन्हाळ्यात पानं विरळ झाली की जोत्यांच्या रेघा अजून दिसतात. ते चित्र फिकट करून मोठ्या कागदावर छापलं आणि नव्या गावात देवळासमोर सतरंजीवर अंथरलं. ही पद्धत माझी नाही. मिकाल मिगुर्स्की यांनी २००९मध्ये 'वॉकिंग पेपर्स' काढलं होतं: नकाशा छापा, पेननं खुणा करा, स्कॅन करून परत जागेवर बसवा. मी फक्त स्केचपेनं जास्त नेली.

सुरुवातीला कुणी पेन हातात घेईना. मग एका आजोबांनी कागदावर बसूनच वेस काढली, आणि तिथून भांडण सुरू झालं. वेस पूर्वेला होती का आग्नेयेला. चावडीपासून मारुती किती पावलं. एक म्हातारी कागदाच्या कडेला नुसती बोट फिरवत होती, मी विचारलं तर म्हणाली, "माझं घर कागदाच्या भायेर गेलंय." दुसरा कागद जोडला.

घरी येऊन स्कॅन केलेला कागद क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये बसवायचा, तर जमिनीवर आजही असलेल्या खुणा लागतात. तिथं तीनच भरवशाच्या होत्या: मारुतीचं जोतं, बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि वेशीचा अर्धा बुरूज. त्यांवर कागद ताणला की बाकीच्या रेघा आपोआप जागेवर येतात, आणि कुणाची आठवण किती सरकलीये तेही कळतं. लहानपणी दूर वाटलेला आड प्रत्यक्षात पारापासून हाकेच्या अंतरावर होता.

आड दोन होते. का दोन होते ते सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नाही. गल्ल्यांची नावंही तशीच, जातींवरून पडलेली. राज्य सरकारनं २०२०च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, हे तर त्याच्याही आधी मोडून पडलेलं गाव. मी ठरवलं की नावं फक्त सार्वजनिक जागांची लिहायची: वेस, पार, चावडी, मारुती, बारव. गल्ल्यांना नावं नाहीत. पण आड मात्र दोन्ही दाखवले, एकाच आकाराची खूण देऊन. एक जण म्हणाले, "एकच दाखवा की ताई, बरं दिसतंय." नाही केलं.

अंतिम चित्रात जुन्या गल्ल्या बारीक विटकरी रेघांनी आहेत आणि नव्या गावाची आखणी शेजारी, त्याच मापात, राखाडी. माप एकच ठेवल्यामुळं नवं गाव जुन्यापेक्षा किती ऐसपैस आहे ते समजतं, आणि शेजारणीच्या दारात जायला आता किती चालावं लागतं तेही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये हे भरता येत नाही, आज जमिनीवर नसलेलं तिथं ठेवत नाहीत. त्यासाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप नावाची वेगळी जागा आहे. तिथं वेस आणि दोन्ही आड मी टाकलेत.

बारवांचं काम दुसऱ्यांनी फार मोठं केलंय. रोहन काळे यांच्या महाराष्ट्र बारव मोहिमेनं राज्यभरातल्या बारवा गूगल नकाशावर टाचल्या, त्यात आमचा मराठवाडा गच्च भरलेला दिसतो. चारठाणा, वालूर ही परभणीकडची गावं तर बारवांसाठीच प्रसिद्ध झाली. डिझाइनवाल्यांसाठी हा खजिना आहे. बारवेला वाटा किती त्यावरून नंदा, भद्रा, जया, विजया असे प्रकार. एक, दोन, तीन, चार. वरून बघितलं की आत उतरत जाणारे चौकोन. वालूरला तर पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात. साडीच्या काठापासून फरशीपर्यंत कशावरही हे आकार बसतील. अडचण एकच, निम्म्या बारवांवर कडुलिंबाची सावली असते आणि उपग्रहाला फक्त झाड दिसतं.

सध्या टेबलावर आहे ते मांजरा धरणाचं कॅलेंडर. केज तालुक्यात धनेगावला हे धरण, २२४ दलघमीचं (दशलक्ष घनमीटर), लातूर शहर त्यावर पितं. २०१६च्या उन्हाळ्यात ते इतकं खाली गेलं की एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं; पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच वर्षी परतीच्या पावसानं धरण भरलंही. आम्हा लातूरकरांना 'जोत्याखाली' आणि 'मृतसाठा' हे शब्द पेपरात रोज वाचून पाठ आहेत, पण ते दिसतं कसं हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून बारा महिन्यांची बारा पानं, प्रत्येकावर त्या महिन्यातल्या पाण्याचा आकार, सगळे एकाच मापात.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, १० मीटरचा ठिपका, साधारण पाच दिवसांनी एक. पाणी वेगळं काढायची रीत सोपी आहे. पाणी जवळचा अवरक्त प्रकाश गिळून टाकतं, हिरवा थोडा परत पाठवतं. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज केली की पाणी शून्याच्या वर येतं आणि जमीन खाली राहते. हे लागतंच, कारण नुसत्या डोळ्यांनी आपल्याकडं फसगत होते: मे महिन्यात नांगरून टाकलेली काळी रानं उपग्रहचित्रात पाण्याइतकीच काळी दिसतात.

बारा आकारांत मला सगळ्यात आवडतो तो मेचा. पाणी आक्रसून नदीच्या जुन्या पात्रापुरतं उरतं, आणि धरणात बुडालेली मांजरा पुन्हा वळणं घेताना दिसते. कडेनं हिरवे तुकडे असतात. पाणी हटलं की बुडीत क्षेत्रातल्या गाळात लोक पेरतात, ती गाळपेर. आकाराची कड १० मीटरच्या पायऱ्यांची येते. छापखान्यातला पोरगा म्हणाला, "मॅडम, हे फाटल्यासारखं दिसायलंय, स्मूथ करू का?" नको म्हटलं. गुळगुळीत केलं की पाणी कुठं संपलं नि गाळपेर कुठं सुरू झाली, ती कड आपण मनानं काढल्यासारखी होते.

यासोबत काकूसाठी एक वाकळ केली. हवामान खात्याकडं १९०१पासूनचा रोजचा पाऊस चौकटी-चौकटींत वेबवर मिळतो. आमच्या चौकटीतलं एकेक वर्ष म्हणजे कापडाची एक पट्टी, पाऊस कमी तशी पट्टी तपकिरी, जास्त तशी हिरवी. एड हॉकिन्स या हवामानतज्ज्ञानं २०१८मध्ये तापमानाच्या अशाच पट्ट्या काढल्या, त्या जगभर गाजल्या. काकूला यातलं काही सांगितलं नव्हतं, नुसती रंगांची यादी दिली होती. टाके घालून झाल्यावर तिनं एका गडद पट्टीवर हात ठेवला. "हे बहात्तर ना?" बहात्तरच होतं. मग तिनं वाकळ उलगडून दोन हजार चौदा-पंधराच्या पट्ट्या शोधल्या आणि म्हणाली, "हे दोन लागून लागून लावलेत, हे बरोबर केलंस." लावले मी नाहीत, ते तसेच लागून आले होते.

कॅलेंडरचं एक पान अडलंय, ऑगस्टचं. पावसाळ्यात ढग हटत नाहीत, आणि धरणात पाणी येतं ते तेव्हाच. पर्याय सेंटिनेल-१चा आहे. तो रडारवाला, ढगातून आरपार बघतो. सपाट पाण्यावरून लहर परत येत नाही, म्हणून पाणी काळं उमटतं. पण त्या चित्राची कड वेगळ्याच पोताची, खरबरीत, बाकी अकरा पानांशी जुळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं मागच्या वर्षीचा ऑगस्ट टाका, कोण बघायला बसलंय. मी म्हणते रडारचाच टाकायचा आणि खाली बारीक अक्षरात 'ढगांमुळं रडारचित्र' असं लिहायचं. छापखान्याला फाईल दसऱ्याच्या आत पाहिजे. ओपनस्ट्रीटमॅप आणि सेंटिनेल उपग्रह ज्या युरोपीय कार्यक्रमाचे त्या कोपर्निकसच्या श्रेयाची ओळ कोपऱ्यात राहील यावर मात्र दोघांचं एकमत झालंय, तेही ती सहा पॉइंटात असेल या अटीवर.